फटका की चूक?

मी बेसबॉलचे सामने उतरवून घ्यायची वही बोलतेय. बोलायची सवय नाही मला. कुणी धाडकन दार लावलं तरी माझी पानं थरथरतात. पण आता गप्प राहिले तर घुसमटेन.

मिनेसोटातल्या एका लहानशा गावात व्हर्ना स्ट्यूव्हने मला विकत आणलं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं राबून ती निवृत्त झाली होती. गावच्या 'बगळे' संघाचा एकही सामना ती चुकवत नसे. गुडघ्यांवर घोंगडी, शेजारी थर्मास आणि मांडीवर मी. टोकदार पेन्सिलने एकेक चेंडू ती माझ्यात उतरवायची. काय भाग्य माझं, असं पहिल्या रविवारी वाटलं होतं.

एवढं मात्र समजून घ्या, कारण सगळं तिथेच नासलं. चेंडू मारून खेळाडू धावत बेसवर, म्हणजे मैदानातल्या ठरलेल्या टप्प्यावर, पोहोचला, की लिहिणाऱ्याने ठरवायचं: हा मारणाऱ्याचा फटका, की अडवणाऱ्याची चूक? चूक लिहिली तर ठपका अडवणाऱ्यावर. फटका लिहिला तर चेंडू टाकणाऱ्या पिचरवर.

तिसऱ्या बेसवर अडवायला होता डेरेक, व्हर्नाच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. पिचर होता एफ्राइन ओल्गीन. चाळीस मैलांवरच्या गोठ्यात पहाटे गायींच्या धारा काढून तो खेळायला यायचा.

दुसऱ्या सामन्यात घरंगळत आलेला साधा चेंडू डेरेकच्या दोन पायांमधून निसटला. व्हर्नाची पेन्सिल थबकली. पुढच्या बाकावरून तिची बहीण वळून बघत होती. व्हर्नाने लिहिलं: फटका. मी दचकले. असंच पाचव्यांदा लिहिलं, तेव्हा मात्र पेन्सिल थबकली नाही.

सहा सामने झाले, की प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी घेता घेता संघाचं बरंवाईट व्हर्नाने वाचून दाखवायचं, ही गावची रीत. संघाचा कारभारी ड्वेन म्हणाला, "वाचा व्हर्ना. तुमची वही आमच्या पाद्रीबाबांपेक्षा खरी." पाद्रीबाबासुद्धा हसले.

तिने आधी चांगलं वाचलं. पोरं पळण्यात चपळ आहेत, शेवटच्या डावात घाबरत नाहीत. आणि उणीव? "पिचिंग," ती कपात बघत म्हणाली. "एफ्राइनला फटके फार बसतात." डेरेक तिथेच होता. डोनट खात होता.

रविवारी पिचर म्हणून दुसऱ्याला खेळवायचं ठरलं. एफ्राइनला रविवारखेरीज सुट्टीच नव्हती. म्हणजे त्याचा खेळच संपला.

बुधवारी दुपारी, दोन धारांच्या मध्ये, तो व्हर्नाच्या दारात आला. शेणाने माखलेले बूट पायरीशी काढले आणि वही बघू का म्हणाला. नाही म्हणायला तिला कारण सुचेना. तो पानं उलटत गेला आणि एका चौकटीवर त्याने बोट ठेवलं.

"हा फटका?"

"फार जोरात होता रे तो," व्हर्ना म्हणाली. "कुणालाच अडवता आला नसता."

"मग डेरेकच्या मागेच गवतात थांबला कसा? आपल्या माणसाने चालत येऊन उचलला."

ती पान उलटायला गेली, पण त्याने बोट काढलं नाही.

"बाई, डेरेकला मी कधी एका शब्दाने बोललो का? माणूस आहे, सुटतो चेंडू. पण त्याच्या हातून सुटलेला माझ्या नावावर कशाला?"

त्याने दोन्ही हातांनी मला मिटलं, बूट घातले आणि गेला. मैदानावर पुन्हा कधी दिसला नाही.

मग व्हर्नाने खोडरबर काढला. पाचही ठिकाणी फटका खोडून चूक लिहिलं. इतकं घासलं, की तिथे कागद विरून गेला. पण कुणाला सांगितलं नाही. बहिणीशी रोजचं बोलणं ना! ते तुटलं असतं.

यंदा नवी वही आली. मी व्हर्नाच्या पिशवीच्या तळाशी, थर्मासखाली. परवा तळघरात तिने नव्या वहीतून वाचलं, "उणीव तीच. आपल्याला चांगला पिचर मिळत नाही." ड्वेनने सुस्कारा सोडला. सगळ्यांनी माना डोलावल्या, डेरेकने सर्वांत आधी.

मी हातभर अंतरावर होते. पण वहीला आपली पानं आपण उलटता येत नाहीत. ती दुसऱ्या कुणीतरी उलटावी लागतात, आणि त्या तळघरात तसं कुणालाच वाटलं नाही.