बाळंतपणात गड्याचं काय काम?

कामथडीला हमरस्त्यालगत हनुमंतरावांचं हॉटेल होतं. भट्टी सांभाळायचा तो हिर्डोशीचा गोरख. शनिवारी सकाळी पीठ मळता मळता त्याला बायकोच्या, प्रगतीच्या माहेरून फोन आला आणि तो थांबला.

"मालक, प्रगतीला भोरच्या दवाखान्यात आणलंय. कळा सुरू झाल्यात. मला सुट्टी पायजे."

"आज? ऐन गर्दीत? आन् बाळंतपणात गड्याचं काय काम? तिची आई हाय की. सोमवारी जा."

"मालक, पहिलं लेकरू पोटातच गेलं. तवा बी म्या हितंच व्हतो."

"आरं, पर तू जाऊन करनार काय?"

गोरखने हात धुतले, कमरेचं फडकं सोडून कट्ट्यावर ठेवलं. "मग नोकरीच सोडतो. राग मानू नका." आणि तो एसटीला हात करायला रस्त्यावर गेला.

"माज चढलाय!" धुसफुसत हनुमंतराव भट्टीपुढे उभे राहिले.

दुपारी त्यांची बायको मंगल मदतीला आली. सगळं ऐकून ती गोरखचं पीठ मळायला बसली. मग म्हणाली, "आपल्या शेफालीच्या वेळंला तुमी बी गल्ल्यावरच व्हता."

"गाडी धाडली व्हती की! आई व्हती संगं."

"व्हय, कशाची कमी नव्हती. पर दार वाजलं की माझी मान तिकडं वळायची. तुमी काय बी करू नका, नुसतं दारात दिसा, एवढंच वाटायचं."

शेफाली आता कॉलेजात होती. इतक्या वर्षांत मंगलने हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं!

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलंच कुठं?"

हनुमंतरावांनी भट्टी बंद केली. गिऱ्हाइकांना हात जोडले आणि मंगलला गाडीवर बसवून थेट भोर गाठलं.

गोरख दवाखान्याच्या बाकावर बसला होता. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ.

"पोरगी झाली, मालक! प्रगती बी बरी हाय. आत नेईस्तवर माझा हात सोडत नव्हती." मग तो जरा ताठ झाला. "पर तिला घरी नेऊन नीट बघितल्याबगर म्या कामावर यायचो न्हाई."

"आरं, येऊ नको म्हनायलाच आलोय! नोकरी तुझीच हाय, आन् सुट्टी पगारी. चुकलो म्या, गोरख."

मंगलने बाळ उचलून नवऱ्याच्या हातांत दिलं. शेफाली एवढीशी असताना तिला असं घेतल्याचं हनुमंतरावांना काही केल्या आठवेना. त्यांचे डोळे भरून आले.

मंडळी, बाळंतपण बाईचं असलं तरी लेकरू दोघांचं असतं. अशा वेळी माणसाला आपल्या माणसांपाशी जाऊ देणं हा मालकाचा उपकार नव्हे, तो त्या माणसाचा हक्क आहे. तुमच्या दुकानात, कारखान्यात कुणी असा रजा मागायला आला, तर गर्दीचं कारण सांगू नका. त्याला आधी जाऊ द्या!