बायकोची किडनी

डॉ. अनुपमा मूळच्या महाडच्या. किडनी बदललेल्या पेशंटना जगवण्यात त्यांनी मुंबईत मोठं नाव कमावलं होतं आणि महिन्यातल्या एका रविवारी त्या माहेरगावी फुकट तपासत. फुकट म्हणजे स्वतःच्या संशोधनासाठी, पण फुकट म्हटल्यावर पुढचं कोण विचारतंय?

दुसऱ्याची किडनी शरीर आपली मानत नाही, म्हणून पेशंटला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. त्या हळूहळू बंद करता येतात, एवढं बाईंना सिद्ध करायचं होतं. त्यांचा हुकमी एक्का होता साहिल, पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीतला. किडनी त्याच्या आईची, रखमाची. गोळ्या बंद करून दोन वर्षं झाली तरी रिपोर्ट लख्ख. बाई परदेशातल्या सभांमध्ये त्याचा फोटो दाखवत. त्याच्याच भरवशावर त्यांनी बिरवाडीच्या राजेशच्याही गोळ्या थांबवल्या. राजेश कारखान्यातला कामगार, सांगितलेलं तंतोतंत पाळणारा. त्याला त्याच्या बायकोनं, रेश्मानं, किडनी दिली होती. काही महिन्यांतच ती निकामी झाली.

त्या रविवारी राजेशला व्हरांड्यात सुजलेल्या तोंडानं बसलेला पाहून रखमा घाबरली. साहिलला बाहेर ठेवून ती एकटीच आत आली.

"बाय, मी गोळ्या थांबवल्याच नाय," ती म्हणाली. "लेक मुंबईवरनं आणून देते. रोज सकाळी पेजेत घालते. त्याला पन ठाव नाय. माझा जीव धजला नाय."

बंद केलेली गोळी रक्तात सापडते का, हे बघायचं बाईंच्या डोक्यातही आलं नव्हतं. इतकी साधी तपासणी. राजेशला आत बोलावून खरं सांगायची हीच वेळ होती. पण बाईंना आठवला तो महिन्याभरात छापून येणारा साहिलवरचा लेख. गोळ्या चालू ठेव, असं त्यांनी रखमाला सांगितलं, आणि कुठं बोललीस तर साहिलला पुन्हा हात लावणार नाही, असंही बजावलं. रखमा हात जोडून निघून गेली.

मग राजेश, रेश्मा आणि राजेशची आई सोनाबाई आत आले. साहिलचं बरं चाललंय आणि माझ्याच पोराचं असं का झालं, असं म्हातारीनं विचारलं.

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "त्याला आईची किडनी होती. आईची किडनी शरीर आपली मानतं. बायकोची परकीच."

"मी देत व्हते की," सोनाबाई म्हणाली. "हीच आडवी आली. म्हनली, तुमचं वय झालं."

रेश्मानं हळूच विचारलं, "म्हणजे माझ्यामुळं गेली?"

"वाईट वाटून घेऊ नकोस," बाई म्हणाल्या. "तू तुझ्या परीनं दिलीस."

बिरवाडीच्या एसटीत सोनाबाई सुनेशेजारी बसली नाही. राजेशही बसला नाही.