जुन्या टिपेची भोकं

व्यसनमुक्ती केंद्रात पाऊल टाकल्या टाकल्या तिथल्या समुपदेशक बाईंनी हातात एक कागद दिला. वीस वाक्यं, प्रत्येकापुढे खरं की खोटं. 'प्यायल्यावर माझं काम चांगलं होतं' यापुढे मी 'खरं'ची खूण इतकी दाबून केली की कागद फाटला. तीस वर्षं शिंपीकाम केलंय मी. दोन पेग पोटात गेले की माझी टीप दोरी लावल्यासारखी सरळ जायची, हे मी शपथेवर सांगत असे.

शेवटचं वाक्य होतं, 'प्यायल्यावर मला एकटं वाटत नाही.' तेही खरं.

"सहा आठवड्यांनी हाच कागद पुन्हा भरायचाय," बाई म्हणाल्या.

"कशाला शाई घालवता? उत्तरं तीच येणार."

मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. न पिता हात चालला नाही, तर सुटल्या दिवशी घराआधी दारूचं दुकान गाठायचं.

बायको दोन वर्षांपूर्वी भावाकडे निघून गेली, ती आलीच नाही. तेव्हापासून गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. "मास्तर, बाही वर-खाली झालीय हो." मला वाटायचं, पेग कमी पडतायत. वाढवले.

पाचव्या आठवड्यात चार तासांची सुट्टी मिळाली. दुकानाचं शटर वर केलं. समोर नमुन्याचा कोट लटकत होता, पंधरा वर्षांपूर्वी मी पिऊन शिवलेला. म्हटलं, अशी एक टीप आज कोरड्या तोंडानं मारून दाखव. नीट बघावी म्हणून अस्तर उसवलं.

आत सरळ टिपेच्या शेजारून भोकांची वाकडीतिकडी रांग गेली होती. दोरा काढला तरी घट्ट विणीच्या कापडात सुईची भोकं राहतात, हे शिंप्याला कोणी सांगायला नको. वाकडी रांग माझी होती. सरळ टीप मशीनची नव्हतीच, हाताची होती, आणि शेवटी दोरा आत ओवून दडवलेला. असा दोरा फक्त बायको दडवते.

कपाटातले सगळे जुने कपडे उलटे केले. सगळ्यांत दोन दोन रांगा.

दुपारी मी घरी पिऊन लोळत पडलेलो असताना बाजूच्या खोलीत बायको मशीन चालवायची, त्याचा आवाज यायचा. मी खेकसायचो, "झोपू दे की जरा!" आवाज बंद व्हायचा. मला वाटायचं, उठली असेल. ती हाताने शिवत बसायची.

मी मशीनवर बसलो. चिंधीवर टीप मारली. न पिताही टीप सरळ आली. चिंधी दाखवायला वळलो, तर मागे कोणी नव्हतं. रिकाम्या दुकानात मी ढसाढसा रडलो.

आठवड्याने बाईंनी तोच कागद पुढे केला. कामाच्या वाक्यापुढे 'खोटं'ची खूण केली. 'एकटं वाटत नाही' या शेवटच्या वाक्याशी मात्र अडलो. मग खूण न करता खाली लिहिलं, 'तेव्हा मी एकटा नव्हतोच. ती बाजूच्या खोलीत उसवत बसलेली असायची.'