अठरा इंचांचा राजमार्ग

सायकल हे मानवमुक्तीचं वाहन आहे, असं कालव्याकाठच्या नव्या सायकलमार्गाच्या फलकावर लिहिलं होतं. फलकाखाली फाटक होतं. फाटकातून सायकल जात नव्हती.

हे सगळ्यांत आधी कळलं नर्सबाईंना, कारण त्या मार्गाने जाण्याची गरज असलेल्या त्या एकट्याच होत्या. मोटारसायकली अडवायला खात्याने दोन लोखंडी खांब रोवले होते. मध्ये फट अठरा इंचांची. बाईंचं हँडल चोवीस इंची. हँडल तिरकं करून घालावं, तर कॅरियरला पक्की जोडलेली औषधांची पेटी अडायची. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला काटेरी तार. इथे नुसता चिखल होता तेव्हा बाई वीस वर्षं बिनबोभाट जात होत्या. डांबर आलं, बाकं आली आणि वाट बंद झाली.

पलीकडच्या वस्तीत चित्रकलेचे निवृत्त मास्तर राहत. साखरेने त्यांचा पाय चिघळला होता. रोज पट्टी बदलली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हमरस्त्याने अकरा किलोमीटरचा वळसा, तोही ट्रकांच्या चाकांशी सलगी करत. म्हणून महिनाभर बाई पेटी रिकामी करून सायकल डोक्यावरून पलीकडे टाकत होत्या. आता खांदा संपावर गेला होता.

बाई खात्याच्या अभियंत्यांकडे गेल्या.

"बाई, सायकल मोजूनच फाटक केलंय."

"कुणाची सायकल?"

"घरचीच."

"घरी चालवतं कोण?"

"धाकटी."

"वय?"

"सहावं सरलंय," अभियंते कौतुकाने म्हणाले. "आता उद्घाटन होऊ द्या. मग दुरुस्तीचा प्रस्ताव वर पाठवू."

"आणि मास्तरांचा पाय?"

"पाय आमच्या खात्यात येत नाही."

उद्घाटनाच्या सकाळी फाटकापलीकडे फीत बांधली होती. अलीकडे मोठे साहेब, त्यांची भाड्याची सायकल आणि टाळ्यांसाठी आणलेला कर्मचारीवर्ग. आठ वाजता बाई नेहमीसारख्या आल्या. कुणाकडे न बघता त्यांनी हँडल तिरकं केलं, सायकल फटीत घातली आणि पेटी खांबांत गच्च बसेपर्यंत रेटली.

"अहो बाई, मागे घ्या!" अभियंते धावले.

"सायकलला रिव्हर्स नसतो."

"मग पुढे तरी घ्या!"

"तेच महिनाभर सांगतेय."

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

"लाभार्थी, साहेब," अभियंत्यांच्या तोंडून सवयीने निघालं.

"मग द्या की लाभ! मला दहाला दुसरं उद्घाटन आहे."

वेल्डरला बोलावणं गेलं. खांब त्यानेच रोवले होते.

"ताई, ही सायकल अडणार, हे मी तेव्हाच म्हटलं होतं."

"कुणाला?"

"मनातल्या मनात."

सात मिनिटांत एक खांब आडवा झाला. साहेब कात्रीसाठी हात पुढे करून उभे राहिले. कात्रीचं तबक गाडीतच राहिलं होतं. बाईंनी पेटीतली पट्ट्या कापायची कात्री काढली, फीत कापली आणि टांग मारली. टाळ्या वाजल्या; फीत कापली की वाजवायच्या, एवढंच कर्मचाऱ्यांना सांगितलेलं होतं.

"आज उशीर केलात?" पाय पुढे करत मास्तरांनी विचारलं.

"उद्घाटन करून आले."

अंगठा वाचला. दुसऱ्या दिवशी त्या मार्गावरून एक सायकल आणि एकोणचाळीस मोटारसायकली गेल्या.