डॅशबोर्डमागची दुसरी चावी

मित्रांनो, मला चावी म्हणतात, पण माझ्या अंगाला एकही दात नाही. मी चपटी, काळी आणि आता बरीच जुनी झाले आहे. माझी गाडी बटण दाबून सुरू होते. बटण दाबलं की गाडी विचारते, "आहेस का?" मी माझा गुप्त आकडा सांगते, आणि एवढं थोरलं इंजिन माझ्यासारख्या चिमुकलीच्या शब्दावर जागं होतं. कारखान्यात हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मी थक्क झाले होते. खरं सांगते, अजूनही होते.

आम्ही जुळ्या बहिणी. गाडीबरोबर दोघी या घरात आलो. घरचे बाबा चाळीस वर्षं ट्रक चालवून निवृत्त झालेले. त्यांनी बहिणीला खिशात ठेवलं आणि मला कपाटाच्या खणात, "अडीअडचणीला असू दे" म्हणून. अडचण काही येईना. सुईदोरा, संपलेली पेनं आणि एक मोडका चष्मा यांच्या संगतीत मी सहा वर्षं काढली. बहीण रोज हिंडून यायची आणि मी धूळ खात पडलेली. मला तिचा हेवा वाटायचा, कशाला लपवू?

मग बाबांच्या छातीनं दगा दिला. गार हवा नाकात गेली की त्यांना धाप लागायची. आठवड्यातून तीनदा सकाळी उपचारांना जायचं, आणि गाडी तर रात्रभर अंगणात उभी राहून गारठलेली. आता गाडी आई चालवायची. एकदा अर्ध्या वाटेत बाबांना अशी धाप लागली, की तिनं गाडी कडेला घेतली आणि त्यांचे दोन्ही हात धरून नुसती बसून राहिली. डॉक्टरांनी बजावलं, "यांना गार गाडीत बसवू नका. पुढच्या वेळी निभावेलच असं नाही." पण गाडी गरम करायला आई चपला शोधेपर्यंत बाबा स्वतःच बाहेर गेलेले असायचे. गाडीचं काम दुसऱ्यानं केलेलं त्यांना खपायचं नाही.

त्यांची थोरली मुलगी गाड्यांचं वायरिंग करते. सुटीच्या दिवशी ती हत्यारांची पेटी घेऊन हजर झाली.

"बाबा, रिमोट स्टार्टर बसवते. घरातूनच बटण दाबायचं. तुम्ही बाहेर येईपर्यंत गाडी गरम."

"सीटवर माणूस नाही आणि गाडी सुरू? भुताटकी आहे काय?"

"हो, भुताटकीच. दुसरी चावी कुठंय?"

खण उघडला. सहा वर्षांनी कुणाला तरी माझीच गरज पडली होती!

थोरलीनं स्टिअरिंगखालचं कव्हर उतरवलं. आत तारांचे जुडगेच्या जुडगे! गाडीच्या पोटात एवढा पसारा असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिनं माझी बॅटरी काढली, तिच्या जागी दोन बारीक तारा जोडल्या आणि मला एका छोट्या पेटीत बंद करून डॅशबोर्डमागे बसवलं.

"हिला कोंडलंस कशाला?" आईनं विचारलं.

"ही सारखी बोलत राहिली, तर गाडीला वाटेल चावी आतच आहे. मग चोरसुद्धा बटण दाबून गाडी नेईल. म्हणून हिला झोपवून ठेवायचं. रिमोट दाबला की पेटी हिला तेवढ्यापुरती उठवेल."

म्हणजे माझं तोंड बंद झालं, मित्रांनो. कान मात्र उघडेच राहिले.

शेवटी थोरली बॉनेटकडे वळली. तिथं एक छोटा स्विच बसवायचा होता. त्याची तार आत घ्यायला जागा मिळेना. तासभर ती खटपट करत होती, बोटं थंडीनं लाल झाली होती.

"राहू दे गं तो स्विच," बाबा दारातून म्हणाले. "चहा गार होतोय."

"नाही बाबा. बॉनेट उघडं असलं तर गाडी सुरू होताच कामा नये. कुणाचा हात आत असला तर?"

"कुणाचा असणार? भुताचा?"

थोरली हसली, पण स्विच बसवूनच उठली. जाताना तिनं आईला दहा वेळा बजावलं, की गाडी उघड्या अंगणातच सुरू करायची, बंद गॅरेजमध्ये कधीही नाही, तिथं विषारी धूर कोंडतो.

पहिली सकाळ मी जन्मभर विसरणार नाही. अंधारात मला हाक आली. मी आकडा सांगितला, आणि इंजिन घुमू लागलं. सीटवर कुणी नाही, ब्रेकवर पाय नाही, तरी सगळी गाडी थरथरत होती! मी तर भारावून गेले. थोड्या वेळानं बाबा आत बसले. त्यांनी गरम हवेसमोर तळवा धरला. "ऊब आहे गं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी वाटेत धाप लागली नाही.

थंडी सरत आली तशी बाबांना हुशारी वाटू लागली आणि जुनी सवय परत आली. निघण्याआधी बॉनेट उघडून तेलपाणी बघायचं, ही त्यांची ट्रकवरची सवय.

एका सकाळी मला हाक आलीच नाही. काय झालं ते मी नंतर ऐकलं, दोघं गाडीत बसून बोलत होती तेव्हा. आईनं स्वयंपाकघरातून रिमोट दाबला. त्या खिडकीतून गाडीची फक्त मागची बाजू दिसते. गाडी सुरू होईना. तिनं पुन्हा दाबला, मग तिसऱ्यांदा. "काय बसवून ठेवलंय या पोरीनं!" असं पुटपुटत ती बाहेर आली, तर बॉनेट उघडं, बाबा आत वाकलेले, हात कोपरापर्यंत खाली आणि मफलरचं टोक इंजिनबरोबर गरगरणाऱ्या पट्ट्यावर लोळतंय.

"तीनदा दाबलं हो मी," आई गाडीत पुन्हा पुन्हा म्हणत होती. "तीनदा."

बाबांनी थोरलीला फोन लावला.

"तो बॉनेटचा स्विच..."

"बिघडला का, बाबा?"

"नाही गं. चालतोय."

एवढं म्हणून त्यांनी फोन आईच्या हातात दिला.

मित्रांनो, माझ्या एका शब्दावर इंजिन जागं होतं याचा मला केवढा तोरा होता! पण त्या सकाळी अंगठ्याएवढ्या स्विचनं मला बोलूच दिलं नाही, आणि बाबांचा हात वाचला. तेव्हापासून त्या न पाहिलेल्या भावंडापुढं मी मनोमन हात जोडते. कुणी असं न दिसणारं काम तासभर गारठून करत असेल, तर "राहू दे" म्हणू नका. त्याला चहा पुन्हा गरम करून द्या.

स्विच आहे म्हणून आई आता त्याच्यावर सगळं सोडून देत नाही. तिनं रिमोट हातात घेतला, की बाबांनी तिच्यासमोर उभं राहून दोन्ही हात वर करून दाखवायचे, असा घरात नियमच झाला आहे. तिनं ते हात नीट पाहिले, की मगच मला हाक येते.