सौरभ ओव्हाळ घरी वाचायला मिळेल

सदाशिव पेठेतल्या खांबेटेकाकूंनी मला खोली नाकारली तेव्हा मी फारसा चिडलो नाही, कारण पोहे चांगले होते. खोली रिकामी होती, पण आडनाव सांगेपर्यंतच. ‘ओव्हाळ’ म्हटल्याबरोबर काकूंचा भाचा नेदरलँड्सहून तिथे राहायला निघाला.

“कधी येतोय?”

“अजून जन्मायचाय,” काकूंचे यजमान रंगनाथकाका म्हणाले. “पण ऐनवेळी धावपळ नको.”

मला खोली हवी होती. वाघोलीहून हिंजवडीला जाता-येता माझी निम्मी नोकरी ट्रॅफिकमध्येच व्हायची, आणि कंपनीची बस काकूंच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची.

सोमवारी एचआरच्या निकिता खांबेटेनं मला बोलावलं. कंपनीत विविधता सप्ताह होता. विषमता, अल्पसंख्याकांचे अनुभव वगैरे विषयांवरची पुस्तकं मागवली होती, पण ती वेळेत आली नाहीत. म्हणून त्या विषयातली माणसंच वाचायला द्यायची असं वर ठरलं होतं.

“तू बुद्धिस्ट ना? पर्फेक्ट!” तिनं माझ्या खांद्यावर ‘पुस्तक’ असं लेबल चिकटवलं. “पहिलं बुकिंग माझ्या आईबाबांचं. दे आर सो ओपन, यू नो.”

अशा रीतीनं मी संध्याकाळी त्याच घरात पोचलो. काकूंनी लेबल वाचलं, चेहरा पाहिला नाही. “पुस्तक आहे होय? मग काही हरकत नाही.” नवा टीव्ही भिंतीवर गेल्यामुळे शोकेसमध्ये जुन्या टीव्हीची जागा रिकामी होती. मी गुडघे पोटाशी घेऊन तिथे बसलो.

जेवणं झाल्यावर वाचन सुरू झालं. काकू रुमाल घेऊन बसल्या.

“माझे वडील बँकेत होते,” मी म्हणालो. “शनिवारी आम्ही सारसबागेत भेळ खायला जायचो.”

“प्रस्तावना असेल,” काका म्हणाले. “पुढे?”

“पुढे पाणीपुरी.”

काकूंनी रुमालाची घडी केली. “एखादं दुःखाचं पान काढ की रे. पैसे नसले म्हणून काय झालं, वेळ आमचाच जातोय ना.”

“गेल्या रविवारी मला एका घरात खोली नाकारली. आडनावावरून.”

काकू हुंदका देऊन रडल्या. “काय माणसं असतात एकेक!”

“पोहे दिले होते.”

“म्हणून काय झालं? लाजच नाही मेल्यांना!”

“पत्ता सांग,” काका पेन काढत म्हणाले. “पेपरला पत्र पाठवतो.”

मी पत्ता सांगितला. काकांनी तो लिहून घेतला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

“आपल्याच बिल्डिंगमधले दिसतात,” काकू म्हणाल्या. “तरी मी म्हणत होते, वरच्या मजल्यावरचे जरा तसेच आहेत.”

पुस्तक सप्ताहभर घरी ठेवायचं होतं, म्हणून मी शोकेसमध्येच राहिलो. तिसऱ्या दिवशी लिमये नावाचा एक मुलगा खोली बघायला आला. त्यानं आडनाव सांगितल्याबरोबर भाच्याचा बेत रद्द झाला. तेवढ्यात लिमयेला मी दिसलो.

“हे काय?”

“पुस्तक,” काकू अभिमानानं म्हणाल्या. “आमच्याकडे भेदभाव नाही. विचारा त्याला.”

“नाही,” मी म्हणालो. “खोली मात्र तुला देतायत.”

“ओके. वायफाय आहे?”

काकूंनी खोलीचं कुलूप काढलं. मी शोकेसमधून उतरलो, लिमयेच्या आधी आत शिरलो आणि कडी लावली.

“अहो! पुस्तक खोलीत गेलं!”

“सौरभ, बाहेर ये,” काका म्हणाले. “खोली दिलीय.”

“पुस्तकाला खोली द्यायला हरकत आहे का?”

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. “तशी नाही.”

“मग मी राहतो. भाडं देईन. दारावर नाव लावा.”

“लेखक म्हणून?”

“भाडेकरू म्हणून.”

 बाहेर काकूंनी हातोडी मागितली आणि दारावर खिळे ठोकल्याचा आवाज येऊ लागला. पाटी लागत होती की दार बंद होत होतं, हे उघडून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. मी पलंगावर आडवा झालो आणि किती तरी दिवसांनी पाय लांब केले.