आहे तसा शेवट

मी बोलतोय तो बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवरचा टीव्ही. एरवी माझ्यातून दुसरेच बोलत असतात. आज थोडं माझं ऐका.

कारखान्यातून थर्माकोलमध्ये घट्ट बसून मी दुकानात आलो. तिथे आम्ही सगळे भाऊबंद एका ओळीत एकच चित्र दाखवत उभे. लोक यायचे, आमची रुंदी बघायचे, पुढे जायचे. एके दिवशी एक मुलगी आली आणि म्हणाली, "आवाज कोणाचा चांगला आहे ते दाखवा." दुकानदार चित्राबद्दलच बोलत राहिला. तिने डोळे मिटून आमचे आवाज ऐकले आणि मला निवडलं.

तेव्हा मला नवल वाटलं होतं. घरी आल्यावर कळलं.

तिचे वडील पूर्वी लांब पल्ल्याच्या बसचे ड्रायव्हर होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. काचबिंदूने एक डोळा पुरता गेलेला. दुसऱ्याने नळीतून बघावं तेवढंच दिसायचं, तेही धूसर. आई हॉस्पिटलात नर्स होती. निवृत्त झाली तरी इमारतीत ती सिस्टरच. मुलीने मला भिंतीवर बसवलं, आईला बटणं समजावली आणि ती आपल्या नोकरीच्या गावी निघून गेली.

उस्तादांना सिनेमाचं भारी वेड. सिस्टरला मुळीच नाही. पण आता बघायचं तिने आणि सांगायचं त्यांना, असं ठरलं.

सुरुवातीला तिला काही जमेना. "दोघं बोलतायत," एवढंच ती सांगायची. ते विचारायचे, कुठे बसून बोलतायत, खिडकी उघडी आहे का, तो तिच्याकडे बघतोय की जमिनीकडे? मग तिला परत नीट बघावं लागे. बघता बघता तिला गोडी लागली. दोन भावांनी घर वाटून घेतल्याचा एक सिनेमा होता. त्यात वाटणी झाल्यावरही धाकट्याची बायको सवयीने थोरल्याचे कपडे दोरीवरून काढून आणते, हे तिनेच टिपलं. उस्तादांना तो थोरला पटला नाही. खरा रागावलेला माणूस एवढा ओरडत नाही, आवाज खाली आणतो, असं त्यांचं मत. सिनेमातल्या नर्सवर मात्र सिस्टरचा कायमचा राग. तिला म्हणे एकच काम, ट्रे घेऊन यायचं आणि पेशंटला आरामाची गरज आहे म्हणून सगळ्यांना बाहेर काढायचं. त्यावर दोघं पोट धरून हसली होती.

पण मला एक गोष्ट दिसत होती. सिनेमाचा शेवट दुःखाचा असला आणि त्यात कोणी बोलत नसलं, की सिस्टर तो बदलून सांगायची. बुडालेली नाव किनाऱ्याला लागायची. आजारी म्हातारा उठून बसायचा. पेशंटच्या उशाशी इतकी वर्षं काढलेली बाई ती. धीर देण्याची जिभेला सवय होती. मी समोर सगळं स्वच्छ दाखवत होतो, पण मला कोण विचारतंय?

मग तो सिनेमा आला. एक आई रोज फाट्यावर बसून परागंदा मुलाची वाट बघते. शेवटी बस येते, न थांबता निघून जाते. पुढे शब्द नाहीत, नुसता वारा.

"उतरला तो," सिस्टर म्हणाली. "आईने जवळ घेतलं त्याला."

 उस्ताद हळू आवाजात म्हणाले, "गाडी थांबलीच नाही गं. गिअरसुद्धा उतरवला नाही ड्रायव्हरने."

तिने रिमोट हातात घेतला.

"डॉक्टर काय म्हणाले, तेही असंच सांगितलंस का मला?"

सिस्टरने माझा आवाज बंद केला. थेंब घालत राहिलं तर उरलेला डोळा टिकेल, असं ती त्यांना सांगत आली होती. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून वेगळंच सांगितलं होतं.

"तोही जाणार म्हणाले," ती म्हणाली. "कधी, ते सांगता येत नाही म्हणाले."

उस्तादांनी चाचपडत तिचा हात धरला. "एवढं एकटीच घेऊन बसलीस होय? मला दिसत नसेल, पण रडता येतं. तेवढं तरी काढून घेऊ नकोस." थोड्या वेळाने म्हणाले, "त्या बाईचं सांग आता. गाडी गेल्यावर काय केलं तिने?"

"पिशवी उचलली. पदरावरची धूळ झटकली. आणि परत बाकावर बसली."

मग दोघं रडली. माझ्यावर नटांची नावं सरकत होती. ती कोणीच पाहिली नाहीत.

त्यानंतर उस्ताद खुर्ची माझ्या अगदी जवळ ओढायचे आणि सिस्टरला शेजारी बसवायचे. माझा उजेड तिच्या तोंडावर पडला की तिच्याकडे टक लावून बघायचे.

"काय बघताय?" ती विचारायची.

"सिनेमा," ते म्हणायचे.

पुढे एका दुपारी मी समुद्र दाखवत होतो. चित्रात लख्ख ऊन होतं. भिंतसुद्धा उजळली होती. आवाज अजून वाढवलेला नव्हता. उस्तादांनी विचारलं, "टीव्ही लावलास का?"

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिला खोटं बोलता आलं असतं. बटण दाबून मला विझवताही आलं असतं.

"लावलाय," ती म्हणाली.

त्यांनी हात पुढे करून माझी काच चाचपली. मग म्हणाले, "बरं. सांग."

"समुद्र आहे. सकाळची वेळ. एक माणूस पाठमोरा उभा आहे," ती सांगत गेली.  तिने काही गाळलं नाही, काही जोडलंही नाही.

आता माझ्या एका कोपऱ्यात काळा डाग पडलाय. मुलगी फोनवर म्हणते, नवा घेऊ या. सिस्टर म्हणते, चालतोय तोवर चालू दे. मी किती दिवसांचा सोबती, ठाऊक नाही. पण जाताना एक मागणं आहे. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद भिंतीवर असेल, तर कधीतरी शेजारी बसलेल्या माणसाला विचारा, तुला यात काय दिसलं? आणि तो सांगेल ते पुरतं ऐकून घ्या.

आता पुरे करतो. सिस्टरने चष्मा पुसलाय, उस्ताद कान देऊन बसलेत. आजचा सिनेमा कसा संपणार, दोघांनाही माहीत नाही.